आतली हाक टेकडीपर्यंत : शेजारच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांच्या सामायिक रेडिओचं परीक्षण

अमेरिकेत आग विझवायला धावणाऱ्यांपैकी बहुतेक जण पगारी नसतात. अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या एनएफपीए या अमेरिकी संस्थेच्या २०२० सालच्या आकडेवारीनुसार १०,४१,२०० अग्निशामकांपैकी ६,७६,९०० स्वयंसेवक होते. ग्रामीण काउंटीतल्या एखाद्या दलाकडे दोन बंब असतात आणि कामाच्या दिवशी भर दुपारी हाताशी जेमतेम सहा माणसं. म्हणून घराला आग लागली की शेजारची दोन-तीन दलं पहिल्याच कॉलला निघतात. माणसं जमतात, टँकर जमतात, होजचे जोडही जुळतात. अडतं ते रेडिओवर.

हे परीक्षण त्या रेडिओचं आहे. अशा तीन ते पाच दलांनी (इथे चार धरू) मिळून यंत्रणा सुधारायची ठरवली की साधारण पाच पर्याय पुढे येतात: सामायिक अ‍ॅनालॉग व्हीएचएफ (१५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) रिपीटर, म्हणजे आलेलं बोलणं उंचावरून पुन्हा पाठवणारं यंत्र; तोच रिपीटर पी२५ या सुरक्षा दलांसाठीच्या डिजिटल मानकावर; राज्याच्या ट्रंकिंग यंत्रणेत (मोजके चॅनल अनेकांत आपोआप वाटणाऱ्या) सामील होणं; डीएमआर हे स्वस्त डिजिटल मानक; आणि मोबाइल नेटवर्कवरचं पुश-टू-टॉक, म्हणजे बटण दाबून बोलणं. आमचा कौल आधीच सांगतो. सामायिक अ‍ॅनालॉग व्हीएचएफ रिपीटर, त्याला दोन-तीन टेकड्यांवर जादा रिसीव्हर, आणि आगीच्या जागी रिपीटर सोडून हँडसेटवरून थेट हँडसेटवर बोलायचा सिम्प्लेक्स चॅनल. हँडसेट मात्र असे घ्यावेत की ज्यांत पी२५ची सोय आहे, पण आगीच्या जागी ती वापरायची नाही. पैसा आधी ऐकणाऱ्या बाजूवर घालावा. पुष्कळ दलं उलटं करतात: अनुदान आलं की प्रथम नवे हँडसेट येतात आणि डोंगरावरची केबल तीस वर्षांपूर्वीचीच राहते.

बोलणं जातं, उत्तर येत नाही

टॉवरवरचा रिपीटर १०० वॅटचा, जवानाच्या कमरेचा हँडसेट ५ वॅटचा. वीस पटींचा फरक, म्हणजे १३ डेसिबल. त्यात हँडसेट कमरेला, जाड कोटाखाली, अँटेना अंगाला चिकटलेली. तिथे आणखी १० डेसिबल किंवा त्याहून जास्त जातात. बेरीज २३ डेसिबलच्या पुढे, म्हणजे दोनशे पट. कंट्रोल रूमचं बोलणं तळघरातल्या माणसाला स्वच्छ ऐकू येतं, त्याचं उत्तर मात्र खरखरीत बुडतं, आणि कंट्रोल रूमला वाटतं की तो उत्तरच देत नाहीये. अशा वेळी टॉवरचे वॅट वाढवले तर दरी आणखी रुंद होते. ज्या कोटेशनमध्ये पहिला मुद्दा ‘जास्त ताकदीचा ट्रान्समीटर’ असा आहे ते बाजूला ठेवावं.

यात २०१३ची भर आहे. १ जानेवारी २०१३पासून रेडिओ परवाने देणाऱ्या एफसीसी या केंद्रीय संस्थेने १५० ते १७४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २५ किलोहर्ट्झचे रुंद चॅनल बंद करून १२.५ किलोहर्ट्झचे अरुंद चॅनल सक्तीचे केले. डेव्हिएशन, म्हणजे आवाजामुळे लहरीची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) जितकी हलते ते अंतर, ५ किलोहर्ट्झवरून २.५वर आलं आणि पूर्वी सीमेवर कसंबसं ऐकू येणारं बोलणं खरखरीत गेलं. रुंद-अरुंदची सरमिसळ आजही भेटते. शेजारच्या दलाचा एखादा जुना बंब रुंद सेटिंगवर राहिला असेल तर त्याचा आवाज फाटतो आणि जोरात बोललं की ऐकणाऱ्याचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारं दार) शब्दाच्या मध्येच मिटतो. उलट अरुंद रेडिओचं बोलणं रुंद रिसीव्हरवर कुजबुजल्यासारखं येतं. नव्या यंत्रणेला दोष देण्याआधी प्रत्येक बंबातला आणि प्रत्येक हँडसेटचा रेडिओ सर्व्हिस मॉनिटरवर (रेडिओ तपासायच्या यंत्रावर) लावून डेव्हिएशन मोजून घ्या. एका संध्याकाळचं काम आहे, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडू शकतं.

सामायिक रिपीटर आणि वोटिंग

एकाच उंच जागेवरचा सामायिक रिपीटर ही पहिली पायरी. त्याने चारही दलं एका चॅनलवर येतात, पण वरचं गणित सुटत नाही. ते सुटतं वोटिंगने: काउंटीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत फक्त ऐकणारे रिसीव्हर बसवायचे, त्यांचा आवाज लिंकने मुख्य जागी आणायचा, आणि कंपॅरेटर नावाचं यंत्र क्षणाक्षणाला सर्वांत स्वच्छ आवाज निवडून रिपीटरला देतं. जवानाच्या ५ वॅटना आता वीस मैलांवरच्या टॉवरऐवजी चार मैलांवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचायचं असतं. रिसीव्हरला मोठी बॅटरी लागत नाही, डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) लागत नाही. कोरड्या कपाटात रिसीव्हर, फिल्टर, छोटी बॅटरी, लिंक आणि वर एक अँटेना. दर रुपयामागे, इथे दर डॉलरमागे, एवढा फायदा देणारी दुसरी वस्तू या यादीत नाही.

मात्र वोटिंग घाईने बसवलं तर वैताग आणतं. कंपॅरेटर बहुधा आवाजाच्या वरच्या कंप्रतेतली खरखर मोजून ठरवतो की कोणाचा सिग्नल स्वच्छ. एखाद्या रिसीव्हरची लिंक वरची कंप्रता कापत असेल, उदाहरणार्थ जुनी टेलिफोन लाइन किंवा चुकीचं निवडलेलं ऑडिओ कोडेक (आवाज दाबून आकड्यांत बदलण्याची पद्धत), तर त्याची खरखर वाटेतच गळते. कंपॅरेटरला तो रिसीव्हर सर्वांत शांत भासतो आणि प्रत्यक्षात सर्वांत वाईट आवाज निवडला जातो. दुसरं दुखणं पातळीचं. दोन रिसीव्हरच्या आवाजात फरक असेल तर बोलणारा चालत असताना आवाज एका वाक्यात तीनदा लहान-मोठा होतो. उपाय असा: सिग्नल जनरेटरने प्रत्येक रिसीव्हरला पाळीपाळीने १००० हर्ट्झचा सूर १.५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनने, म्हणजे अरुंद चॅनलच्या कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांनी द्यावा, आणि कंपॅरेटरपाशी सगळ्यांची पातळी १ डेसिबलच्या आत जुळवावी. आयपी (इंटरनेट पद्धतीच्या) लिंक असतील तर प्रत्येकीचा उशीर मोजून सगळ्या सर्वांत संथ लिंकच्या बरोबरीला आणाव्यात. नाही तर निवड बदलताना अक्षर दुमडतं किंवा तुटतं. लिंक तुटली तर काय, हेही आधीच ठरवावं: मुख्य जागेवरचा रिसीव्हर कंपॅरेटरविनाही रिपीटर चालवू शकेल अशी जोडणी मागून घ्या.

एका सवयीची गोष्ट इथेच सांगायला हवी. बटण दाबल्यावर रिपीटरला टोन (बोलण्याखाली सतत जाणारा ओळखीचा सूर) ओळखायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, त्यावर कंपॅरेटर आणि लिंकचा वेळ. बटण दाबताक्षणी बोललं तर पहिलं अक्षर जातं, आणि ‘मेडे’ हा संकटाच्या हाकेचा शब्द दोनच अक्षरांचा आहे. बटण, एक श्वास, मग शब्द, हे सरावात बसलंच पाहिजे. टाइमआउट, म्हणजे सलग बोलण्याची मर्यादा, हँडसेटमध्ये ६० सेकंदांवर ठेवा. माइकचं बटण कोटाखाली दबून राहिलं तर अख्खा चॅनल गप्प होतो.

डोंगरावरचं सामान

व्हीएचएफमध्ये अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या कंप्रतांच्या ठरीव जोड्या नाहीत. यूएचएफमध्ये ५ मेगाहर्ट्झचं अंतर ठरलेलं असतं. व्हीएचएफमध्ये मात्र कंप्रता सुचवणाऱ्या समन्वयकाने जी मोकळी जोडी दिली ती घ्यायची. अंतर जितकं कमी, तितका डुप्लेक्सर मोठा आणि नाजूक. म्हणून कंप्रता हातात येईपर्यंत डुप्लेक्सरची ऑर्डर देऊ नका, आणि ट्यून करून आलेला डुप्लेक्सर ट्रकमध्ये धक्के खात डोंगरावर गेला असेल तर जागेवर पुन्हा तपासा.

केबलच्या बाबतीत आम्ही आग्रही आहोत. एलएमआर-४०० ही केबल स्वस्त, हलकी आणि सगळीकडे मिळणारी. बंबात किंवा स्टेशनच्या बेस रेडिओला ती उत्तम. पण रिपीटरमध्ये, जिथे एकाच केबलमधून एकाच वेळी पाठवणं आणि ऐकणं चालतं, तिथे ती नको. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि कलई केलेल्या तांब्याची जाळी एकमेकांवर घासतात. दोन धातूंच्या या सांध्यांत खरखर तयार होते आणि ती थेट रिसीव्हरच्या कानात जाते. पहिल्या महिन्यात सगळं छान चालतं, वारा-पाऊस लागला की कडकड सुरू होते. रिपीटरला अर्ध्या इंचाची तांब्याच्या नळीची हार्डलाइनच लावावी. १५० मेगाहर्ट्झला दर १०० फुटांना एलएमआर-४०० सुमारे १.५ डेसिबल खाते, अर्ध्या इंची हार्डलाइन सुमारे ०.८५. आतले छोटे जोडही दुहेरी जाळीच्या चांगल्या केबलचे असावेत, आणि अ‍ॅडॉप्टरवर अ‍ॅडॉप्टर चढवलेला दिसला तर तो काढायला लावा.

आता हिशोब. १०० वॅटमधून डुप्लेक्सरचे १.५, १५० फूट हार्डलाइनचे १.३ आणि जोडांचे ०.२ डेसिबल गेले. एकूण ३, म्हणजे अँटेनापाशी ५० वॅट. वर ६ डेसिबल गेनची (ताकद चौपट एकवटणारी) चार डायपोलांची अँटेना असेल तर प्रभावी ताकद २०० वॅट. परवान्यावर हा शेवटचा आकडा लिहिलेला असतो. नवी, जास्त गेनची अँटेना बसवली की तो आकडा ओलांडला जातो, हे विसरू नका.

बसवून झाल्यावर विक्रेत्याकडून एक चाचणी कागदावर मागा: रिसीव्हरची १२ डेसिबल सिनॅड संवेदनशीलता (बोलणं जेमतेम समजेल इतका कमीत कमी सिग्नल) आधी ट्रान्समीटर बंद ठेवून, मग पूर्ण ताकदीने चालू ठेवून. खऱ्या अँटेनावर दोन्हींत १ डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतोय. कारण डुप्लेक्सर, केबल, गंजलेला टॉवरचा बोल्ट किंवा शेजारचा ट्रान्समीटर, यांपैकी काहीही असू शकतं. अँटेनाऐवजी डमी लोड (ताकद आतच जिरवणारा जोड) लावून हीच चाचणी केली की दोष कपाटात आहे की वर टॉवरवर, ते लगेच कळतं.

बॅटरीचा अंदाज बहुतेक कोटेशनांत तोकडा असतो. १०० वॅटचा रिपीटर बोलताना सुमारे २२ अँपिअर घेतो, गप्प असताना दीड. मोठ्या आगीच्या दिवशी तो वेळेच्या २० टक्के बोलतोय असं धरलं तर सरासरी ५.६ अँपिअर, २४ तासांचे १३४ अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं तर २७० अँपिअर-तासांचा संच लागतो, आणि कडाक्याच्या थंडीत क्षमता आणखी घटते. ‘बॅटरी बॅकअप सहित’ एवढाच शब्द लिहिलेला असेल तर अँपिअर-तास लिहून मागा. अर्थिंगमध्ये टॉवर, केबलचा बाहेरचा थर, विजेची लाइन आणि कपाट हे सगळं एकाच जागी बांधलेलं हवं. वेगवेगळ्या खुंट्या ठोकल्या तर वीज पडल्यावर प्रवाह एका खुंटीकडून दुसरीकडे तुमच्या रिपीटरमधून जातो.

पी२५, आणि मास्कमधून बोलणं

पी२५चं तंत्र चांगलं आहे. काठावरही आवाज स्वच्छ येतो, कोण बोलतोय त्याचा क्रमांक दिसतो, वेगवेगळ्या कंपन्यांचे हँडसेट एकत्र चालतात. आमची अडचण आगीच्या जागेपुरती आहे. डिजिटल रेडिओ आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. माणसाच्या बोलण्याचं एक प्रतिरूप आकड्यांत करून पाठवतो. शेजारी करवत चालू असेल, श्वसनयंत्राची घंटी वाजत असेल, पास अलार्म (जवान निश्चल पडला की वाजणारा भोंगा) किंचाळत असेल, तर यंत्राला बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला हे ठरवता येत नाही आणि दोन्हींचा लगदा होतो. २००८मध्ये अमेरिकेच्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने, आयएएफसीने, याच विषयावर अहवाल दिला आणि त्याच वर्षी एनटीआयए या केंद्राच्या दूरसंचार संस्थेच्या प्रयोगशाळेनेही आगीच्या जागेच्या गोंगाटात वेगवेगळ्या रेडिओंची सुगमता मोजली. नंतरच्या काळात आवाज संकेतनाची नवी आवृत्ती आणि दोन माइकचे हँडसेट आले, आणि फरक खरोखर पडला आहे. तरीही अ‍ॅनालॉग काठावर हळूहळू खरखरीत जातो, कान सावध होतो, माणूस दोन पावलं खिडकीकडे सरकतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ राहून एकदम गप्प होतो. आत अडकलेल्या माणसासाठी आम्ही पहिलाच पसंत करतो.

आगीच्या जागी सिम्प्लेक्स का, तेही याच ओघात. आतला जवान आणि बाहेरचा कमांडर यांच्यात पन्नास मीटर असतात. सिम्प्लेक्समध्ये त्याच्या ५ वॅटना तेवढंच अंतर कापायचं असतं. रिपीटरवर तीच हाक आधी टेकडीवर जाऊन परत यावी लागते. कमांडरने बंबातल्या ५० वॅटच्या रेडिओवर रिपीटर आणि हातातल्या हँडसेटवर सिम्प्लेक्स ठेवावा. मोठ्या इमारतीत किंवा दरीत बंबावरचा व्हेइकल रिपीटर (हँडसेटचं बोलणं बंबातून जास्त ताकदीने पुढे पाठवणारा) उपयोगी पडतो, पण दोन दलांचे व्हेइकल रिपीटर एकाच कंप्रतेवर एकाच जागी चालू राहिले तर एकमेकांचा गळा दाबतात. पहिला पोचलेल्याचा चालू, बाकीच्यांचे बंद, हा नियम लेखी हवा.

राज्याची यंत्रणा

ओहायोची मार्क्स, मिशिगनची एमपीएससीएस, मिनेसोटाची आर्मर या राज्यव्यापी पी२५ ट्रंकिंग यंत्रणा ७०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर आहेत. टॉवर राज्याचे, देखभाल त्यांची, आणि शेजारच्या काउंटीशी, पोलिसांशी, रुग्णवाहिकेशी बोलणं बटणासरशी. तुमचं राज्य अशी यंत्रणा चालवत असेल आणि तुमच्या भागात टॉवर दाट असतील तर कंट्रोल रूमशी बोलायला ती जरूर घ्या. सही करण्याआधी मात्र तीन गोष्टी पाहा. कव्हरेजचा नकाशा बंबातल्या रेडिओचा आहे की कमरेच्या हँडसेटचा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दर हँडसेटमागे वर्षाला किती शुल्क, आणि ते चारही दलांचं बजेट दहा वर्षं पेलेल का. तिसरी, वणव्याच्या दिवसांत जंगल खात्याची माणसं बहुधा व्हीएचएफवरच असतात. तुमचे हँडसेट फक्त ८००चे असतील तर त्यांच्याशी बोलणार कसं. मोटोरोलाचा एपीएक्स ८०००, एल३हॅरिसचा एक्सएल-२००पी, केनवुडचा व्हीपी८००० हे बहुपट्टी हँडसेट ही अडचण सोडवतात, पण त्यांच्या किमती हजारो डॉलरच्या आहेत. प्रत्येक स्वयंसेवकाला असा देण्यापेक्षा अधिकाऱ्यांना आणि प्रत्येक बंबात एक, असं वाटप परवडतं.

डीएमआर आम्ही नाकारतो. एका चॅनलवर दोन संभाषणं आणि कमी किंमत हे खरं, पण पी२५शी ते बोलत नाही आणि केंद्राच्या अनुदानासाठीच्या सेफकॉम या आपत्कालीन संपर्काच्या मार्गदर्शनात डिजिटल आवाजासाठी पी२५ हीच अपेक्षा असते. मोबाइल नेटवर्कवरचं पुश-टू-टॉक, एटी अँड टीची फर्स्टनेट ही आपत्कालीन सेवांची मोबाइल यंत्रणा धरून, अधिकाऱ्यांना आणि दूर गावी असलेल्यांना जादा सोय म्हणून छान. आत जाणाऱ्याच्या हातात ते देऊ नये.

हँडसेट

व्हीएचएफचा, अ‍ॅनालॉग आणि पी२५ दोन्ही चालणारा हँडसेट हा आमचा मध्यम मार्ग. बीके टेक्नॉलॉजीजचे हँडसेट वणवा विझवणाऱ्यांत फार वापरले जातात, त्याला दोन साधी कारणं आहेत: संगणकाशिवाय बटणांनीच चॅनल भरता येतो, आणि एका हँडसेटमधून दुसऱ्यात केबलने सगळी प्रोग्रॅमिंग उतरवता येते. चार दलांच्या सामायिक यंत्रणेत ही दुसरी सोय सोन्यासारखी. आगीत आत जाणाऱ्यांसाठी एनएफपीए १८०२ हे हँडसेटचं मानक २०२१मध्ये आलं. नवी खरेदी करताना त्याची विचारणा करा, कारण त्यात लॅपल माइक (गळ्यापाशी लावायचा वायरचा माइक) आणि त्याची वायरही तपासली जाते. वायर वितळली की माइक चालूच राहतो किंवा रेडिओ मुका होतो. हँडसेट कोटाखाली पट्ट्यावर, वायर कोटाच्या आत, फक्त माइक गळ्यापाशी, अशी मांडणी उष्णतेपासून वाचवते. सिग्नल घटतो त्याची भरपाई वोटिंगने होते, आणि म्हणूनच आम्ही वोटिंग आधी म्हणतो.

ऑनलाइन मिळणारे अगदी स्वस्त हँडसेट घ्यायचेच झाले तर एफसीसीचं भाग ९०चं प्रमाणपत्र पाहा. हायटेरा ही चिनी रेडिओ कंपनी २०२१पासून एफसीसीच्या प्रतिबंधित यादीत आहे. केंद्राचं अनुदान तिथे खर्च करता येत नाही.

बंबातली अँटेना छताच्या मधोमध असावी. १५५ मेगाहर्ट्झला पाव तरंगाची कांब सुमारे ४६ सेंटिमीटर येते. आरशाला किंवा बॉनेटच्या कडेला लावलेली अँटेना एका बाजूला बहिरी होते. आणि एलईडी दिव्यांकडे लक्ष द्या. २०१८च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने बोटींवरच्या एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ बहिरे होत असल्याचा इशारा दिला होता. बंबावरच्या लाइटबारचं आणि फ्लडलाइटचं तेच होऊ शकतं. टोन स्क्वेल्चमुळे (टोन आल्याशिवाय न उघडणाऱ्या स्क्वेल्चमुळे) ही खरखर ऐकू येत नाही, फक्त लांबचे लोक ‘नाहीसे’ होतात. तपासायला दूरचा कमकुवत सिग्नल लावा, मॉनिटर बटणाने स्क्वेल्च उघडा ठेवा आणि एकेक दिवा, एकेक चार्जर चालू-बंद करत जा. दोषी सापडला की फेराइटचे कडे, वायरचा मार्ग बदलणं, किंवा तो दिवाच बदलणं.

एकसारखे चॅनल

इथे एक पैसा न खर्चता सर्वांत जास्त सुधारणा होते. चारही दलांच्या प्रत्येक रेडिओत पहिला झोन एकसारखा हवा, खटक्याच्या त्याच जागी तोच चॅनल. १ला रिपीटर, २ला त्याच कंप्रतेवर रिपीटरविना थेट, ३ ते ६ आगीच्या जागेचे सिम्प्लेक्स, शेवटचे देशभरातले परस्परसाहाय्याचे चॅनल. अंधारात, हातमोजे घालून, खटके मोजत चॅनल बदलता आला पाहिजे.

देशभरासाठी ठेवलेले अग्निशमन चॅनल व्हीफायर२१ (१५४.२८०० मेगाहर्ट्झ) ते व्हीफायर२६ असे आहेत, हाकेसाठी व्हीकॉल१० (१५५.७५२५). सीसा (सीआयएसए) या केंद्रीय सुरक्षा संस्थेच्या एनआयएफओजी या चॅनलांच्या पुस्तिकेत त्यांची यादी आहे: पाठवताना १५६.७ हर्ट्झचा टोन, ऐकताना टोनविना. परवानाधारक दलांना मोबाइल आणि हँडसेटवर ते वेगळ्या परवान्याशिवाय वापरता येतात. ‘ऐकताना टोनविना’ याला कारण आहे. व्हीफायर२२ची १५४.२६५ हीच कंप्रता इलिनॉयमधल्या माबास या परस्परसाहाय्य यंत्रणेत आयफर्न नावाने आणि २१०.७च्या टोनने वापरली जाते. दोन दलं एकाच कंप्रतेवर उभी, दोघांचे रेडिओ ठणठणीत, पण एकाने ऐकायलाही टोन लावला असेल तर त्याला शेजारी कधीच ऐकू येणार नाही. शेजाऱ्यांनी एकच कंप्रता वाटून घेऊन आपापला टोन लावणं हा स्वस्त उपाय म्हणून सुचवला जातो. त्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि एकमेकांवर बोललं मात्र जातं.

नावंही एकच हवीत. एकाच चॅनलला एक दल ‘फायर ३’ म्हणतं, दुसरं ‘टॅक ब्लू’, तर कमांडरच्या आदेशाचा उपयोग नाही. प्रोग्रॅमिंगची मूळ फाइल एका व्यक्तीकडे, तिच्यावर तारीख, आणि ठरल्याखेरीज कोणी आपल्या सोयीने बदल करायचा नाही. हे बोलायला सोपं आणि पाळायला कठीण, म्हणून करारात लिहा.

पेजर विसरू नका. स्वयंसेवक घरी झोपलेला असतो तेव्हा त्याला उठवतो तो दोन सुरांचा अ‍ॅनालॉग पेजर. मुख्य चॅनल डिजिटल केला की अ‍ॅनालॉग पेजर मुके होतात. पी२५ पेजर मिळतात, युनिकेशनचे जी४ आणि जी५ त्यांत आहेत, पण दर स्वयंसेवकामागे तो वेगळा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही. पेजिंग अ‍ॅनालॉग व्हीएचएफवरच ठेवणं शहाणपणाचं.

कागद आणि पैसे

परवाना एकाच्या नावाने असतो, दलाच्या किंवा काउंटीच्या. बाकीच्यांशी लेखी वापर-करार लागतो. आधी मान्यताप्राप्त समन्वयकाकडून कंप्रता, मग एफसीसीचा अर्ज क्रमांक ६०१. परवाना दहा वर्षांचा. मिळाल्यापासून बारा महिन्यांत यंत्रणा उभी करून तसं कळवावं लागतं, नाही तर तो रद्द होतो. टॉवरच्या भाड्याचा करार रखडला तर घात इथेच होतो. हँडसेटची संख्याही परवान्यावर असते. दोन दलं नव्याने सामील झाली की ती वाढवून घ्या.

फेमा या केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या असिस्टन्स टू फायरफायटर्स ग्रँटमध्ये एका दलाने यजमान होऊन शेजाऱ्यांसह प्रादेशिक अर्ज करता येतो. स्वतःचा वाटा २० हजारांपर्यंत लोकसंख्येला ५ टक्के, त्यापुढे १० लाखांपर्यंत १० टक्के. छोट्या गावांना राज्याच्या वनविभागामार्फत व्हॉलंटिअर फायर असिस्टन्सही मिळतं. त्यात निम्मा वाटा आपला. अनुदान वस्तू घ्यायला मिळतं, टॉवरचं भाडं, लिंकचं मासिक बिल आणि बॅटरी बदलणं दरवर्षी खिशातून जातं. चार दलांत ते कसं वाटायचं, कॉलच्या संख्येवर की हँडसेटच्या, हे अर्जाच्या आधी ठरलेलं बरं.

आणि पूर्ण झाल्याची चाचणी. काउंटीचा नकाशा मैलभराच्या चौकोनांत वाटा, प्रत्येक चौकोनात जाणं आणि येणं वेगवेगळं नोंदवा. पातळी डीएक्यू (आवाजाच्या दर्जाचं मोजमाप) ३.४ मागा, म्हणजे बोलणं समजतं आणि पुन्हा विचारण्याची वेळ क्वचितच येते. हँडसेट कमरेला, लॅपल माइकवर. शाळेचं तळघर, वृद्धाश्रमाचा मधला भाग, धान्याचं गोदाम, पत्र्याची मोठी कोठारं यांची वेगळी यादी करा. झाडांना पानं नसतात तेव्हा घेतलेली चाचणी फसवी असते, ओल्या पानांत सिग्नल जिरतो. म्हणून करारात शेवटचे १० टक्के पैसे जून-जुलैतल्या चाचणीपर्यंत राखून ठेवा, आणि त्या दिवशी आतून बोलायला मास्क लावलेला दलातलाच माणूस पाठवा.